अर्ध्या सुराची चोरी

१

तिसऱ्या अंकाचा पडदा वर गेला, बासरीने पहिली ओळ घेतली, पियानो तिच्यात मिसळला, आणि सभागृहात बसलेल्या सगळ्यांनी घासात खडा लागल्यासारखी तोंडं केली.

"थांबवा!" दिग्दर्शक पहिल्या रांगेतून ओरडले. "थांबवा आधी ते!"

दिग्दर्शक पेशाने शिंपी, सगळ्यांचे शिंपीदादा. दिवसभर दुकानात मान खाली घालून शिवायचं आणि संध्याकाळी मान वर करून माणसांवर ओरडायचं, हा त्यांचा दिनक्रम. माणूस मनाने मऊ, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. उद्या शनिवारी संध्याकाळी सहाला प्रयोग, आज दुपारी रंगीत तालीम, आणि बासरी बेसूर! त्यांनी परत वाजवायला लावलं. परत तेच. तिसऱ्यांदाही तेच.

बासरी वाजवणारी मुलगी इस्पितळात नर्स होती, जेमतेम पंचवीस वर्षांची. पाळ्यांमुळे तालमींना ती फारशी आलीच नव्हती. महिन्यापूर्वी दोनदा आली, तेव्हा तिचं वादन ऐकून "सोनं आहे, सोनं!" म्हणून ह्याच शिंपीदादांनी गावभर सांगितलं होतं.

"सराव जमत नव्हता तर तसं सांगायचं होतंस," आता ते म्हणाले. "उद्या येऊ नकोस तू. पियानो आहे तेवढा पुरे. इतकी वर्षं त्याच्यावरच चाललंय आपलं."

मुलीने त्या विलायती बासरीचे तीन तुकडे सोडवून पेटीत ठेवले आणि पायऱ्या उतरून निघाली.

डाव्या विंगेत स्टुलावर, मांडीवर संहिता घेऊन बसलेल्या हॅलोमावशींनी हे सगळं पाहिलं. मावशी बावीस वर्षं ह्या हौशी नाट्यसंस्थेच्या प्रॉम्प्टर. नट अडला की पुढचा शब्द पुरवायचा, एवढंच त्यांचं काम. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे नंबर जोडून त्या निवृत्त झाल्या, म्हणून हे नाव पडलं. संगीतातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण कान असा, की समोरच्याने "हॅ" म्हटलं की "लो" म्हणायच्या आत माणूस ओळखायच्या.

आणि तो कान आता त्यांना गप्प बसू देईना. बेसूर माणूस कधी वर जातो, कधी खाली, कधी चुकून बरोबरही येतो. ही मुलगी तिन्ही वेळा, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, बरोब्बर तेवढीच वर होती. एक्स्चेंजमध्ये एकदा चुकीचा नंबर लागला तर फिरवणाऱ्याचं बोट चुकलेलं असायचं. दर वेळी तोच चुकीचा नंबर लागायला लागला, की समजायचं, जोडणीतच घोटाळा आहे.

दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक होती. पियानोवर मास्तर बसले होते. निवृत्त गणितशिक्षक. कुणाचा सूर केसाएवढा हलला तरी हात उचलून सगळ्यांना थांबवणारा माणूस. आज एवढा गोंधळ झाला आणि मास्तर मूग गिळून पट्ट्यांकडे बघत बसले.

२

नाटक जुनं, पण काय नाटक! टोपीच्या दुकानाची मालकीण शपथ घेते, की बडबड्या पुरुषाशी म्हणून लग्न करणार नाही. तिच्यावर जीव जडलेला तरुण मुका असल्याचं सोंग घेऊन तिच्याच दुकानात नोकरीला लागतो. दोन अंक तो अवाक्षर काढत नाही आणि तिसऱ्यात, एकटा आहोत असं समजून, गातो. ती माडीवरून ऐकते. मग तिचं ते शेवटचं गाणं, ज्यात सगळ्यात वरचा सूर लांबवर धरून ठेवायचा असतो. संस्थेने हे नाटक आजवर चारदा केलं. न्हावी, पोस्टमन, दुकानदार, दिवसभर उभं राहून पाय सुजलेली माणसं, संध्याकाळी रंग लावून ह्या पोरखेळात अशी काही जान ओतायची, की मावशींना दर वेळी नव्याने त्यांचं कौतुक वाटायचं.

गाण्यांची वही संस्थापकांच्या हातची. त्यांना जाऊन वर्षं झाली, पण वहीतली एक खूणही बदलायची नाही, हा संस्थेचा नियम. ना गाणं गाळायचं, ना पट्टी बदलायची; वाद्य वाढवलं तर चालतं. नियमाचे राखणदार मास्तर.

मावशींनी मुलीला बाहेरच्या व्हरांड्यात, तिकीटखिडकीपाशी गाठलं.

"थांब गं. रडतेयस?"

"नाही मावशी. सवय आहे." मुलीने नाक पुसलं. "शाळेच्या वाद्यवृंदात होते मी. आमचे शिक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, तू नुसती बासरी तोंडाला लाव, वाजवू नकोस, बेसूर आहेस. त्यानंतर आठ वर्षं मी हात लावला नाही बासरीला. ह्या वर्षी हिंमत केली. आज परत तेच. म्हणजे खरंच असणार ना?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, मी बरोबर होते. पण एवढी माणसं चुकतील का?"

मावशींनी तिकीटखिडकीतल्या टेलिफोनचा रिसीव्हर उचलला. नंबर फिरवायच्या आधी येतो तो एकसारखा 'ऊं' आवाज सुरू झाला. एकतीस वर्षं हाच आवाज कानात घालून त्या जेवल्या होत्या, झोपल्या होत्या. जगातलं काहीही बदलो, हा बदलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"हा सूर तुझ्या बासरीत येतो?"

मुलीने कान लावला. मग बासरी जोडली आणि फुंकली. बासरी आणि टेलिफोन एकमेकांत असे मिसळले की कुठला कुठे संपतो तेच कळेना.

"सरळ येतो," मुलगी चकित होऊन म्हणाली. "काहीच ओढाताण नाही."

"मग तू सुरात आहेस. जा, कामावर जा. उद्या दुपारपर्यंत घरी बसून रडायचं नाही, एवढं वचन दे."

मुलगी गेली. मावशी रिसीव्हर हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. बासरी खरं बोलत होती. मग आत बसलेलं एवढं मोठं धूड खोटं बोलत होतं की काय?

३

शनिवारी सकाळी सभागृह उघडलं ते कुलूपवाल्याने. चाव्या आणि कुलपं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, संस्थेचा नेपथ्यकारही तोच, आणि नायिकेचा नवराही तोच. बोलायला साधा, हाताने जादूगार. काल रात्री आठलाच त्याने माडीच्या कठड्याला रंगाचा पहिला हात दिला होता.

"भाऊ, जरा पियानोपाशी उभे राहा. टवका उडालेली पांढरी पट्टी आहे ना मधोमध? ती दाबून धरा," मावशींनी व्हरांड्यातून सांगितलं.

मावशींना सूर कळत नव्हते, पण ही पट्टी त्यांच्या ओळखीची होती. तालमीच्या मधे घरी फोन करायला त्या रिसीव्हर उचलायच्या, तेव्हा आत मास्तरांचं बोट त्या टवक्याच्या पट्टीवर आलं, की टेलिफोन आणि पियानो एकच व्हायचे. बावीस वर्षांत कितीतरी वेळा त्यांना त्याची गंमत वाटली होती.

आता कुलूपवाल्याने पट्टी दाबली. दोन्ही आवाज एकमेकांशी भांडत होते. पियानो खाली होता.

"आता तिच्या उजवीकडची काळी."

काळी पट्टी वाजली आणि भांडण मिटलं.

"पियानो खाली आलाय, भाऊ. अख्खा."

"खाली कसा येईल?" कुलूपवाला गुडघ्यावर बसून पियानोचे पाय चाचपायला लागला. "चाकं तर घट्ट आहेत."

मावशींना हसू आवरेना. ह्या माणसाने पियानो उतरवला असेल, असा संशय रात्री त्यांना आला होता. सभागृहाच्या किल्ल्या त्याच्याकडेच असायच्या. पण सूर खाली आला म्हणजे पाय मोडले असं समजणाऱ्या माणसाचं हे काम नव्हे.

"गेल्या रविवारी पियानो लावायला माणूस आला होता ना? इथे कोण कोण होतं?"

"दर वर्षी प्रयोगाच्या आधी येतो तोच. मी कुलूप उघडून दिलं आणि दुकानात गेलो. शिंपीदादा पडद्याचं माप घ्यायला येऊन गेले. ड्रायव्हरकाका मिशी विसरले होते, ती न्यायला आले. मास्तरही येणार होते." तो जरा घुटमळला. "ताई, एक सांगू? पोटात ठेवाल?"

"एकतीस वर्षं लोकांचं ऐकलंय मी. बाहेर काही गेलं का?"

"हिचा वरचा सूर जातो हल्ली. त्या शेवटच्या गाण्यातला. घरी स्वयंपाकघराचं दार लावून प्रयत्न करते आणि रडते. मी महिन्यापूर्वी मास्तरांच्या पाया पडलो. म्हटलं, एक गाणं जरा खालून घ्या. ते म्हणाले, वहीतली पट्टी बदलणार नाही. विषयच संपवला. पण देवाची कृपा बघा, ह्या सोमवारपासून हिचा सूर परत आलाय!"

सोमवारपासून. मावशींनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि पायांत चपला सरकवल्या.

४

नायिका दातांची डॉक्टर होती. दवाखान्यात तोंड उघडून बसलेल्या पेशंटला काही बोलता येत नसल्याचा फायदा घेऊन ती दिवसभर गुणगुणायची, आणि लोकही दुखरा दात घेऊन हौसेने यायचे. पन्नाशीला टेकलेली बाई, पण रंगमंचावर आली की पहिल्या रांगेतले म्हातारेसुद्धा ताठ बसायचे. असा गोड आणि असा खट्याळ आवाज मावशींनी दुसरा ऐकला नव्हता.

"मावशी, दात?"

"दात चांगले आहेत. गळा कसा आहे तुमचा, ते विचारायला आले."

डॉक्टरबाईंचा चेहरा फुलला. "अहो, काय सांगू! गरम पाण्यात मीठ, दिवसातून पाच वेळा गुळण्या. आठ दिवसांत वरचा सूर असा सुटलाय, की मी सगळ्या पेशंटना लिहून देते आता. मी तर ठरवलं होतं, हे शेवटचं नाटक. पण आता कसलं शेवटचं? पुढल्या वर्षीही नायिका मीच!"

पियानो उतरवण्यात हिचा हात असता तर ही मिठाच्या पाण्याचे गोडवे गात बसली नसती. बिचारीला खरंच वाटत होतं, की गळा परत आला.

बस आगारात ड्रायव्हरकाका गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते. नाटकात ते नायिकेचे वडील. त्यांचा आवाज विहिरीच्या तळातून यायचा आणि त्या आवाजाचा त्यांना फार अभिमान. बासरी नीट ऐकू यावी म्हणून दादांनी ह्या वर्षी त्यांना रंगमंचावर मागे उभं केलं होतं, तेव्हापासून ते मुलीवर खार खाऊन होते.

"बरं झालं ती बासरी गेली," ते घोगरं बोलले. "पण माझंच काय खरं नाही, मावशी. खालचा सूरच लागत नाही. सोमवारपासून. नुसती हवा येते. सर्दी नाही, ताप नाही, डॉक्टर म्हणतात ठणठणीत आहात. माझं वय झालं का हो?"

"नाही हो काका. मफलर काढा, उकडेल."

मावशी मनातल्या मनात जोडण्या करत होत्या. पियानो खाली आला तर वरचा सूर सोपा आणि खालचा अवघड. मुलीचा काटा काढायला काकांनी हे केलं असतं, तर स्वतःच्या लाडक्या आवाजावर पाणी सोडलं नसतं. शिंपीदादांनी तर बासरी हौसेने आणली होती. पियानो खाली आहे हे माहीत असतं, तर तिच्यावर ओरडलेच नसते.

आगाराच्या ऑफिसातून त्यांनी पियानो लावणाऱ्याला फोन लावला. तो दुसऱ्या गावचा, जुना कारागीर.

"अर्धा सूर उतरवला, हो," तो म्हणाला. "तीन तास लागले. दोनदा विचारून घेतलं, नक्की ना, म्हणून. कुणी सांगितलं ते मात्र विचारू नका, बाई. शब्द दिलाय."

"नाही विचारत. तुम्ही सूर कशावरून लावता?"

"नादकाट्यावरून. लोखंडी चिमटा असतो ना, आपटला की वाजतो, तो."

मावशींनी आभार मानून फोन ठेवला. त्यांना आता कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती. तसलाच एक चिमटा मास्तरांच्या कोटाच्या खिशात असायचा. बावीस वर्षं प्रत्येक तालीम सुरू करताना मास्तर तो गुडघ्यावर आपटायचे, पियानोला टेकवायचे आणि सगळे त्यावरून सूर घ्यायचे. ह्या सोमवारी मास्तर म्हणाले होते, घरी राहिला. मंगळवारीही घरी राहिला. शुक्रवारीसुद्धा.

५

बारा वाजता मास्तर सभागृहात एकटेच होते. वही पुढ्यात उघडी, हात मांडीवर.

"मास्तर, चिमटा सापडला का?"

मास्तरांनी मावशींकडे पाहिलं. मग सावकाश खिशात हात घालून त्यांनी नादकाटा काढला आणि पियानोवर ठेवला.

"कसं कळलं?"

"बाकीच्यांना खाली-वर कळलं नाही, ते समजू शकते. रोज थोडं सोपं गेलं, थोडं अवघड गेलं, कुणी मिठाला श्रेय दिलं, कुणी वयाला दोष. पण तुम्हाला पहिल्या पट्टीला कळायला हवं होतं. कळूनही गप्प बसलात, म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं."

मास्तरांनी पुढ्यातली वही मिटली.

"तीन महिन्यांपूर्वी तिचा तो सूर पहिल्यांदा फाटला," ते म्हणाले. "तिने खोकल्याचं निमित्त केलं. इतर कुणाला कळलं नाही. अठरा वर्षं मी तिच्या गाण्यामागे वाजवतोय, मावशी. तिच्यासारखं गाणारं माणूस ह्या संस्थेला परत मिळायचं नाही. भरल्या सभागृहात तिचा सूर फुटलेला मला ऐकवला नसता. कुलूपभाऊ आले तेव्हा मी नाही म्हटलं, कारण मी शब्द दिलाय, वहीला हात लावणार नाही. मग एकदा लक्षात आलं, शब्द वहीचा दिलाय. पियानोचा नाही दिला."

"गणिताचा माणूस," मावशी म्हणाल्या.

"गणितच चुकलं ना! चाळीस वर्षं ह्या नाटकात बासरी नव्हती. हिशेबात धरलीच नाही. काल तिने पहिला सूर लावला, तेव्हा मला आठवलं."

"आणि काल आठवल्यावर?"

"तोंड उघडलं असतं, तर डॉक्टरबाईंचं सगळ्यांसमोर उघडं पडलं असतं."

"म्हणून एक पोर बेसूर ठरली." मावशींचा आवाज चढला नाही, पण मास्तरांनी मान खाली घातली. "तिला हे दुसऱ्यांदा ऐकावं लागलंय, मास्तर. पहिल्यांदा शाळेत. आठ वर्षं तिने बासरीला हात लावला नव्हता. आता सोडली तर कायमची सोडेल."

"शाळेत? कुणी सांगितलं तिला असं?"

"शिक्षकानेच."

छत्तीस वर्षं वर्गात उभा राहिलेला तो माणूस ह्या एका शब्दाने कोसळल्यासारखा झाला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पियानो आता वर नेता येणार नाही. तीन तास हवेत आणि तो माणूस इथे नाही," ते म्हणाले. "बासरी खाली आणावी लागेल. तिचा सगळा भाग अर्धा सूर उतरवून नव्याने लिहायचा. बोटांना फार अवघड पडतं ते. दोन-तीन तासांत बसेल तिच्या हातात?"

"तिला महिन्यापूर्वी तुम्हीच ऐकलंय."

मास्तरांनी क्षणभर विचार केला. "बसेल," ते म्हणाले आणि कोरे कागद पुढे ओढले. "पण डॉक्टरबाईंचं काय करायचं?"

मावशी मुलीला फोन करून बोलवायला तिकीटखिडकीकडे निघाल्या.

६

चार वाजता सगळे रंगमंचावर जमले. नायक झालेला पोस्टमन अर्ध्या रंगात, काका मफलरात, शिंपीदादा तोंडात टाचण्या धरून. मुलगी दीड वाजल्यापासून रंगपटात दार लावून सराव करत होती, ती एका कडेला उभी राहिली.

मास्तर उठले. "काल बासरी सुरात होती. पियानो अर्धा सूर उतरवलेला आहे. मी उतरवून घेतला. तारा जुन्या झाल्या आहेत, जास्त ताणल्या तर तुटतील. सांगायचं राहिलं. चूक माझी आहे." मग ते मुलीकडे वळले. "मुली, मी काल बोलायला हवं होतं. गप्प बसलो. शिक्षकाने असं वागू नये."

"अर्धा सूर?" ड्रायव्हरकाकांनी गळ्यातला मफलर ओढून फेकला. "म्हणजे मी ठणठणीत आहे?"

सगळे हसले. शिंपीदादा मात्र हसले नाहीत. चारचौघांत ओरडलेला माणूस चारचौघांत माघार कशी घेणार? त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "ते ठीक आहे, मास्तर. पण वाजवणाऱ्याला समोरचा पियानो ऐकू यायला नको? तारा जुन्या झाल्या तर तिने सांभाळून घ्यायला हवं होतं. थोडी चूक तिचीही—"

मुलीने मान खाली घातली. मावशींनी मास्तरांकडे पाहिलं.

"तारा जुन्या नाहीत, दादा."

डॉक्टरबाई माडीच्या पायरीवर उभ्या होत्या, टोपीवालीच्या पूर्ण वेषात. त्या हसल्या नव्हत्या. मघापासून मास्तरांकडे एकटक बघत होत्या.

"तीन वर्षांपूर्वी नव्या घातल्या. मी इथेच होते तेव्हा." त्या खाली आल्या. "मास्तर, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. प्रयत्न करू नका. माझा वरचा सूर गेलाय. मास्तरांनी पियानो खाली आणला आणि मी समजत होते, मीच वर चढले."

कुलूपवाल्याने हातातला ब्रश डब्यात टाकला आणि बायकोपाशी जाऊन उभा राहिला. तिने त्याला हाताने तिथेच थांबवलं आणि मुलीसमोर गेली.

"काल आम्ही सगळे चुकीचे होतो आणि तू एकटी बरोबर होतीस. माझी इभ्रत राहावी म्हणून तुझी घालवली गेली. मला माहीत नव्हतं, पण झालं माझ्यासाठीच. मला माफ कर." मग ती सगळ्यांकडे वळली. "आज ह्याच पट्टीत गाईन, आणि गाईन ती अशी, की लोक घरी जाऊन सांगतील. पुढल्या वर्षी मला एखाद्या आत्याचं काम द्या. नायिका दुसरी शोधा. आणि मास्तर, तुमच्याशी मी नंतर भांडणार आहे."

"जरूर," मास्तर म्हणाले.

मावशी विंगेत आपल्या स्टुलावर जाऊन बसल्या. इतकी वर्षं त्या ह्या बाईला शब्द पुरवत आल्या होत्या, पण हे शब्द कुठल्याच संहितेत नव्हते. त्यांना तिचा विलक्षण अभिमान वाटला.

प्रयोग रंगला. मुक्याने तोंड उघडलं तेव्हा सभागृह हसून लोटपोट झालं. आपण ठणठणीत आहोत हे कळलेल्या काकांनी सगळा जोर लावून खालचा सूर गाठला. तिसऱ्या अंकात बासरी सुरू झाली तेव्हा पहिल्या रांगेतला खोकला थांबला. अवघड पट्टीतली ती ओळ मुलीने अशी सहज उलगडली, की मास्तर वाजवता वाजवता मान हलवायला लागले. आणि शेवटच्या गाण्यात डॉक्टरबाईंनी तो सूर घेतला, धरला, लांबवला. बासरी त्याला खालून टेकू दिल्यासारखी लागूनच होती. दोघींचा श्वास एकदमच संपला. लोक उभे राहिले. पियानो अर्धा सूर खाली आहे, हे त्या गर्दीत एकालाही कळलं नाही. डॉक्टरबाईंनी नमस्कार करताना मुलीला हाताला धरून पुढे ओढलं, तशा टाळ्या परत वाढल्या.

पडदा पडला. मुलगी विंगेत येऊन मावशींशेजारी बासरी पुसत उभी राहिली. तेवढ्यात शिंपीदादा तरातरा आले. तिच्यापुढे थांबले. दोनदा घसा साफ केला. गळ्यातला टेप काढला, परत घातला.

"उद्या दुकानात ये," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "मापं द्यायला. पुढल्या वर्षी बासरीवाली रंगमंचावर बसेल. सगळ्यांना दिसेल अशी. कापड मी निवडून ठेवलंय."

"उद्या माझी सकाळची पाळी आहे."

"मग संध्याकाळी ये. दुकान उघडं ठेवतो. तू येईपर्यंत उघडं ठेवतो." आणि ते आले तसेच तरातरा निघून गेले.

मुलगी घाबरून मावशींकडे वळली. "मावशी, ते अजून रागावलेत का हो माझ्यावर?"

"नाही गं बाई," हॅलोमावशी म्हणाल्या. "माफी मागून गेले ते."